पालखीचा पुढचा खांदा

मालक गेले तेव्हापासून मी गावदेवीच्या देवळात पाय ठेवला नव्हता. सातपाटीत पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान आमच्या घराला. घरातले पुरुष ताडासारखे उंच, लांब हातांचे. एक धाकटे दीर तेवढे आईवर गेलेले, ठेंगणे. जिने इतकी वर्षं मालकांच्या खांद्यावरून गाव पाहिलं, तिनेच भर समुद्रात जाळं ओढताना त्यांच्या छातीत कळ आणावी आणि बोट बंदराला लागायच्या आत माणूस न्यावा, हे मला पटत नव्हतं.

मुलगा मोठा झाला, अगदी बापासारखा. दीर म्हणाले, "वयनी, चैत्राच्या पालखीला पोराचा खांदा पायजे. राग तुमचा हाय, मान घराचा हाय." मी कबूल झाले. अडचण एकच, पोराची नजर अधू. पालखीखाली ठेचकाळला तर गावात काय तोंड दाखवायचं, म्हणून त्याला पालघरच्या डोळ्यांच्या शिबिरात चष्म्यासाठी नेलं. केवळ पालखीसाठी हं, नाहीतर मी कशाला जाते.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत बत्ती मारून बराच वेळ पाहिलं. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय म्हणाल्या. मग त्याला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला लावली. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडे बाहेर आलं. मी म्हटलं, "बाय, आमच्या घरात अशीच बोटं. जाळं विनायला बरी." त्या हसल्या नाहीत.

माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहत म्हणाल्या, "मावशी, याचे वडील कसे गेले?"

मी सांगितलं, तशी त्यांनी आम्हाला तडक मुंबईला हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे कळलं की पोराची हृदयातून निघणारी मोठी धमनी मुळाशी फुगलीय. मला समजलं ते असं, की बापाकडून आलेला अंगाचा धागाच कच्चा. जुन्या जाळ्यासारखा, दिसायला धड, ताण आला की उसवणारा. नाडी शांत ठेवायची गोळी रोज, दर वर्षी तपासणी, आणि ओझं उचलायचं नाही.

"आन पालखी?" मी विचारलं.

"ती तर मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले.

दीर चिडले. "देवीचं पन वझं झालं का आता?" मी पोराला घरीच ठेवलं. त्या चैत्रातही पुढे त्यांचाच खांदा लागला आणि पालखी गावभर कलती फिरली.

काही वर्षांनी धमनी आणखी फुगली, तेव्हा ऑपरेशन झालं. फुगलेला भाग काढून कापडाची नळी बसवली, झडपही नवी. बाहेर बाकावर बसून मी देवीला नवस बोलायला गेले, तर काय द्यायचं ते सुचेना. एवढंच म्हटलं, तुझा आहे, ठेवायचा तर ठेव.

त्यानंतरच्या चैत्रात पोर घरी होतं, ओटीवर खाटेला टेकून. खांदा बदलायला पालखी कुठेही टेकवतात. त्या वर्षी ती आमच्या दारात टेकली. दीर घामाघूम झालेले. "आज लय जड झालीय," म्हणाले.

पोर म्हणालं, "काका, तुमी जरा उंच व्हा."

"गप रं. बस तितंच." आणि हातातला गुलाल त्यांनी त्याच्या कपाळाला लावला.

मी दिरांच्या पायांवर पाणी घातलं, आणि इतक्या वर्षांनी पालखीपुढे डोकं टेकलं. पोराचा खांदा तिच्याखाली द्यायला मी निघाले होते. ती आपण होऊन दारात आली.

आता रोज आधी पोराने गोळ्या घेतल्या का बघते, मग दिवा लावते. पुढचं तिच्या हवाली.