दीड फूट वात

सुरुंगाच्या दीड फूट वातीची ती भानगड, नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून जात नाही. पन्नास ते साठच्या दरम्यानचा काळ. मी मुलुंडला फौजदार होतो. डोंगराच्या पायथ्याला खडीच्या खाणी होत्या आणि तिथला स्फोटकांचा साठा तपासणं आमच्याकडे असे. सुरुंगाची दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या, वात, सगळं नोंदवहीशी इंचाइंचानं जुळायला हवं.

एके सकाळी खाडीवरचा एक कोळी ठाण्यात आला. "साहेब, खाडीत कोनतरी सुरुंग फोडून मासे मारतंय. बारकी पिल्लंपन मरून वर येतात. वात खानीतूनच येत असनार, दुसरीकडून येनार कुठून?"

मुद्दा बिनतोड वाटला. डायरीत नोंद केली, एक म्हातारा हवालदार बरोबर घेतला आणि सगळ्यात जवळची खाण गाठली. कोठारात वातीचं चोवीस फुटांचं एकच वेटोळं उघडलेलं होतं. वहीत लिहिलेलं : एकूण २४ फूट, वापर ७¾, शिल्लक १७¾. मी स्वतः पट्टी लावली. भरली सव्वासोळा. दीड फूट गायब! मासे मारायच्या सुरुंगाला वीतभर वात पुरते, म्हणजे दोन सुरुंगांची सोय झाली होती.

वही लिहिणारा कारकून मॅट्रिक झालेला, अक्षर छापल्यासारखं. तो म्हणाला, "साहेब, मी फक्त लिहितो. वात तोच कापतो ना!" आणि त्यानं सुरुंगवाल्याकडे बोट दाखवलं.

सुरुंगवाला मालवणकडचा, पन्नाशीचा, निरक्षर. सुरुंग उडवायचा परवाना त्याच्या नावावर. बायको आणि तीन मुली खाणीशेजारच्या झोपडीत. चोरी शाबीत झाली असती तर परवाना गेला असता, वर तुरुंग होताच.

त्याला ठाण्यात आणून बाकावर बसवला. कसंही विचारलं तरी जबाब एकच. "साहेबानू, खडकात दोन भोकां होती. एकाक चार फूट वात लावलंय, दुसऱ्याक पावणेचार. पावणेआठ झाली. उरली सव्वासोळा. मी घेवक नाय."

चोर सहसा जबाब बदलतो. हा बदलत नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी तापलो. कागद ओढला आणि त्याच्यासमोर वजाबाकी मांडली. चोवीसातून सात गेले, सतरा. पाऊण खाली उतरवला. "हे बघ, पावणेअठरा! मला गणित शिकवतोस?" असं म्हणून त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

तो रडला नाही. "सव्वासोळाच," एवढंच म्हणाला.

हवालदार इतका वेळ दाराशी उभा होता. मला म्हणाला, "साहेब, रागावू नका. जरा सुतळी मागवू का?"

व्हरांड्यात चोवीस फूट सुतळी मोजून पसरली. तिच्यातून पावणेआठ फूट कापली. उरलेली मी मोजली. सव्वासोळा. पुन्हा मोजली. सव्वासोळाच.

हवालदार हळूच म्हणाला, "पावणेआठ म्हणजे आठाला पाव कमी. चोवीसातून आठ काढले, सोळा राहिले. पाव जास्त काढली होती ती परत मिळवायची. आमच्या गुरुजींनी छड्या मारून घोकून घेतलंय हे." त्या अडाणी सुरुंगवाल्यानं मनातल्या मनात नेमकं हेच केलं होतं. मॅट्रिकवाल्यानं पाऊण वजा करायचा सोडून बाकीत मिळवला होता, आणि मीही डोळे झाकून तेच केलं.

कारकुनाला बोलावून गणित पुन्हा करायला लावलं. "वाट लागली माझी," म्हणत तो मटकन खाली बसला. मासे मारणारे पुढे महिन्याभरानं खाडीपलीकडे सापडले. त्यांचा या खाणीशी काडीचाही संबंध नव्हता.

सुरुंगवाल्याला म्हटलं, जा आता घरी. तो हलेना. "लिवून देवा. मालक माजा ऐकूचो नाय, परवानो जायत." मी लिहून दिलं : शिल्लक सव्वासोळा फूट बरोबर, चूक नोंदीची, सदर इसम निर्दोष. खाली सही, शिक्का. हवालदारानं त्याला ते वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं,

"तुमी माका मारलास, ता ह्यात खय आसा?"

मी डायरी पुढे ओढली. त्यानं कागदाची घडी करून टोपीत ठेवली आणि तो गेला.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी बजावत आलो, की आधी स्वतः मोजा, मग संशय घ्या. आणि हात तर उचलूच नका. सगळे मान डोलवत. साहेबांना हे कुठे उमगलं, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. त्या कागदावर राहिलेली ओळ आज पहिल्यांदा लिहितो आहे : मी त्याला मारलं, आणि त्याचा काही गुन्हा नव्हता.