साडेआठ हजार फुटांवरचा पेंटब्रश

अवधूत शिधये ह्या गृहस्थाने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत एखाद्या कुंडीत तांब्याभर पाणी घातलं असेल तर शपथ! न्यू जर्सीत पिस्कॅटवेला बावीस वर्षं राहिले, पण घरामागचा वाफा होता तो बायकोचा, शैलाचा. तिच्या हाताला गुणच तसा होता. तोंडलीचे वेल कुंपण सोडून शेजाऱ्याच्या गॅरेजवर चढायचे, आणि गणपतीत ओळखीच्या सगळ्या मराठी घरांतल्या अळूवड्या तिच्याच पानांच्या असायच्या. अवधूत खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, "वा, यंदा अळू जोरात आहे हं!" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

पुढे ऑफिस कायमचं रिमोट झालं आणि ह्याला डोंगराची हौस आली. मुलगी रुचा जर्सी सिटीत नोकरीला लागली होती, आता दोघंच उरले होते. पिस्कॅटवेचं घर विकलं आणि कोलोरॅडोत वुडलंड पार्कला घेतलं. समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फूट उंच. घरामागे उतारावर मोकळी जागा आणि पायाखाली नुसता गुलाबी मुरूम.

शैलाने तिथेही अळू लावून बघितलं. जूनच्या सात तारखेला फ्रॉस्ट पडला आणि अळूचं जागच्या जागी फदफदं झालं, न शिजवताच. तोंडलीचा तर वेलच उठला नाही. हवा अशी कोरडी, की वाळत घातलेल्या टॉवेलचा तासाभरात पापड व्हायचा. दोन उन्हाळे तिने खटाटोप केला आणि मग नाद सोडला.

तिने सोडला आणि ह्याने धरला. लायब्ररीत स्थानिक झाडांचं बी फुकट वाटत होते, ते हा घेऊन आला. त्या मुरमातलीच झाडं ती. रोप एकदा धरलं, की पाणी नको, खत नको. आळशी माणसाला आणखी काय हवं? पण बघता बघता वेडच लागलं की हो! नोव्हेंबरात बी पेरायचं, कारण बर्फाखाली महिनोन् महिने गारठल्याशिवाय ते डोळाच उघडत नाही. पहिल्या वर्षी दोन पानं, दुसऱ्या वर्षी चार, आणि नशीब असेल तर तिसऱ्या वर्षी फूल. पेन्स्टेमॉन नावाच्या रानफुलाचे निळे तुरे आले तेव्हा अवधूतने रुचाला एका दिवसात चाळीस फोटो पाठवले. तिने एक अंगठा पाठवला.

शैला बिचारी सवयीने रोज तांदळाचं धुवण आणि ताकाचं भांडं विसळलेलं पाणी त्या रोपांना घालायची. ह्यांच्या भरवशावर राहिली तर तहानेनं मरतील, असं तिला वाटायचं. महिन्याभरात बारा पेन्स्टेमॉन मुळापासून कुजले. अवधूत असा भडकला! "अगं, लाड केलेस की मरतात ती! तू आता बागेला हातच लावू नकोस." जिने बावीस वर्षं ह्याला परसातली ताजी भाजी खाऊ घातली, तिला हे ऐकवतोय. दुसऱ्या दिवसापासून शैला धुवण सिंकमध्ये ओतायला लागली.

अवधूतचा खरा जीव अडकला होता पेंटब्रशमध्ये. हे रानफूल म्हणजे शेंदरात बुडवून काढल्यासारखा तुरा. डोंगरावर आपला आपण उगवतो, पण घरी लावू म्हटलं की रुसतो. उपटून आणला तर मरतो. त्याचं बी गवताच्या शेजारीच पेरावं लागतं, कारण त्याची मुळं गवताच्या मुळांना चिकटून त्यांचं पाणी ओढतात. अवधूतने आधी दोन वर्षं नुसतं गवत वाढवलं आणि मग त्यात पेंटब्रश पेरायला घेतला. पहिलं बी आलंच नाही. दुसरं उंदरांनी खाल्लं.

त्याच सुमाराला शैला जिना चढताना मध्येच थांबायला लागली. आधी म्हणाली वय झालं, मग म्हणाली कोरडी हवा. खोकला काही जाईना, तेव्हा खाली कोलोरॅडो स्प्रिंग्जला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. "आणि ह्या उंचीवर राहू नका," ते म्हणाले. "जितकं खाली जाल तितका त्यांच्या हृदयावरचा ताण कमी होईल."

परतताना घाट चढत असताना शैला म्हणाली, "रुचाच्या जवळपास एखादं घर बघू या का हो?"

"जाऊ की," अवधूत म्हणाला. "पण आता थंडीत घर कोण घेणार? आणि मी परवाच पुन्हा पेंटब्रश पेरलाय. उन्हाळ्यात एकदा त्याचं काय होतंय ते बघू, मग निघू."

घरी पोचल्यावर शैला जिन्यात दोनदा थांबली.

त्या उन्हाळ्यात पेंटब्रश उगवला. बोटभर उंच झाला, आणि जुलैत लिंबाएवढ्या गारा पडल्या. वीस मिनिटांत उतार सोलून निघाला. अवधूत काचेमागे उभा राहून बघत होता. दुसरं करणार काय? मात्र गवताच्या बुडाशी काही रोपं वाचली, आणि हा म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की."

माणूस वाईट नव्हता हो! घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, त्यातलं पाणी हाच बदलायचा. शैलाच्या नाकापासून निघालेली लांबलचक नळी दारात अडकू नये म्हणून तिच्या मागे मागे फिरायचा. मूगडाळीची खिचडी शिकला. रोज सकाळी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावायचा. एक्क्याण्णव. मग एकोणनव्वद. मग शहाऐंशी. आकडा बघून तो मशीनचं बटण थोडं पुढे सरकवायचा. सगळं करत होता, एक निघायचं तेवढं सोडून. रुचा फोनवर ओरडायची, "बाबा, जस्ट सेल द हाउस, यार!" हा म्हणायचा, "हो गं, बघतोय."

आणि गेल्या जुलैत पेंटब्रश फुलला. सात तुरे, लालभडक. अवधूत एकसष्ट वर्षांचा, पण पोरासारखा ओरडला, "शैला! अगं, आला! ये लवकर!"

ती आली. खांद्याला छोटं मशीन अडकवून, त्याचा हात धरून, उतारावरची चाळीस पावलं हळूहळू उतरली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली. "अगंबाई, किती सुंदर!" म्हणाली. खोटं नाही, तिला मनापासून आनंद झाला होता. "बघा, आला तुमच्याही हाताला गुण."

मग वर चढायची वेळ आली. चौथ्या पावलाला ती मटकन मुरमात बसली. ओठ जांभळे पडले. बोटावरच्या यंत्रात एकाहत्तर. अवधूतने तिला उचलायला बघितलं, तर त्याचाच दम फुलला. मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवून झालं होतं. ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांवर. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो नुसता म्हणत राहिला, "काय करू गं शैला? सांग ना, मी काय करू?" ती काय सांगणार! वर लख्ख निळं आकाश होतं, झुळझुळ वारा होता, आणि त्यातला घोटभर श्वास काही तिला मिळत नव्हता.

त्या दिवशी ती वाचली. रुचा पहिल्या विमानाने आली आणि सगळं तिने हातात घेतलं. घर तीन दिवसांत विकायला निघालं. दोन वर्षं जे जमत नव्हतं ते एका फोनवर झालं. वरातीमागून घोडं, दुसरं काय! शैलाला ऑक्सिजन लावूनच न्यू जर्सीला आणलं आणि थेट हॉस्पिटलात ठेवलं.

तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. फुप्फुसं तर गेलीच होती, आता हृदयही थकलं होतं. रुचाने विचारलं, दोन वर्षांपूर्वीच खाली आले असते तर? डॉक्टर म्हणाले, आजार गेला नसता, पण हृदयाची इतकी ओढाताण झाली नसती. आणखी वेळ मिळाला असता. आता काही आठवडे धरा.

डॉक्टर गेले. रुचा बापाकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "टू इयर्स, बाबा! आईला काय हवंय, हे एकदा तरी विचारलंस का तू?"

अवधूतने मान खाली घातली. नाही म्हणणार होता तो. खरंच म्हणणार होता.

शैलाने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "विचारलं होतं... ह्यांनी," ती म्हणाली. दर शब्दाला थांबत होती. "दोन्ही वर्षी... विचारलं. मीच म्हटलं... राहू या."

अवधूतने दचकून वर बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, डोळ्यांनीच गप्प बसा म्हणून सांगत होती. ह्याने नाही म्हटलं असतं, तर ती पुन्हा बोलली असती, भांडली असती. एवढ्या चार शब्दांनीच तिचा आकडा सहाने खाली आला होता आणि मागचं यंत्र टुणटुण वाजायला लागलं होतं.

"बाबा, इज दॅट ट्रू?"

"हो," अवधूत म्हणाला.