विनायकची चिप आणि साहेबांची स्तुती

विनायक गेल्याचा फोन वहिनींनी केला, तेव्हा मी त्याच्याकडेच निघण्याच्या तयारीत होतो. माझा हा मावसभाऊ बेंगळुरूला प्रोसेसर डिझाइन करायचा. त्याच्या कंपनीची शेवटची चिप बाजारात आपटल्यावर नोकरी सोडून तो श्रीवर्धनला परतला होता... तेराव्याला त्याचे जुने साहेब आले. म्हणाले, "कॅश मेमरी कमी करायचा निर्णय विनायकचाच. धाडसी माणूस!" मेलेल्याच्या स्तुतीत अपयश त्याच्या नावावर चढवलं जातंय, अशी शंका मला तिथेच आली.

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी शेजारची छोटी, वेगवान साठवण. ती मला विनायकनेच समजावली होती. एकदा मावशी खळ्यात सुपारी सोलत होती. त्याने तिच्याजवळची सुपारीची टोपली उचलून जागी छोटी वाटी ठेवली. वाटी संपली की उठून पलीकडच्या ढिगापर्यंत जायचं. मावशी करवादली, "मेल्या, उठबस करूनच मरायची मी! हाताला काम न्हाय नि पायाला दम न्हाय." तो माझ्याकडे बघून हसला, "बघ, हात तेवढेच चपळ, पण काम थांबलं. कॅशला चिपवर जागा लागते. ती कापली की चिप स्वस्त पडते, म्हणून साहेब खूश. समोरच्या कंपनीनं वेग बेताचाच ठेवला, पण टोपली मोठी दिली. ते पुढे जाणार."

तसंच झालं. आता तेराव्याला आलेल्या साहेबांना कंपनीच्या स्मरणिकेत 'विनायकचा निर्णय' असं छापायला घरच्यांचा होकार हवा होता. मी विचारलं, "तो तर मोठी कॅश मागत होता ना?" साहेब कपाकडे बघत म्हणाले, "शेवटी तयार झाला." तयार झाला की तयार केला गेला? वहिनी पदर सावरून एवढंच म्हणाल्या, "मग निर्णय ज्यांनी घेतला, त्यांचं नाव घाला."

स्मरणिका आली. निर्णय 'सर्वानुमते' झाला म्हणे. विनायकवर दोनच ओळी... दबावाखाली त्याने मान हलवली असेलही. मी त्या बैठकीत नव्हतो. परवा त्याच्या पडवीतल्या खुर्चीत बसलो. चष्मा, तांब्या, चार्जर, पंख्याचं बटण, सगळं हाताच्या अंतरावर. वहिनी काही हलवू देत नाहीत. तासभर बसलो, एकदाही उठावं लागलं नाही. ही मांडणी करणाऱ्याने कॅश कापायचं स्वतःहून सुचवलं, हे मला पटत नाही.