गरम कुंड, सासूबाई आणि न झाकलेलं गोंदण

"जपानला कशाला?"

"गरम पाण्यात बसायला."

हे उत्तर ऐकून कुवेतमधला प्रत्येक ओळखीचा माणूस माझ्याकडे संशयानं बघायचा, आणि त्याचंही बरोबरच होतं. ऑगस्टमध्ये बनेद अल-गारच्या आमच्या फ्लॅटमध्ये थंड नळाखाली हात धरवत नाही. दुपारी अंघोळ करायची तर पाणी सकाळीच बादलीत काढून निववावं लागतं. अशा गावातून उठून कुणी गरम पाण्यासाठी विमानात बसतं का?

पण इच्छा माझी नव्हती, सासूबाईंची होती. फोनवर एका व्हिडिओत बर्फ पडत होता आणि म्हाताऱ्या बायका वाफाळत्या कुंडात गळ्यापर्यंत बसून हसत होत्या. आईंनी तो इतक्या वेळा लावला की नितीन, म्हणजे माझा नवरा, शेवटी वैतागला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला इथं बसायचंय."

आम्ही दोघंही चाट पडलो. सासरे गेल्यावर आम्ही आईंना परभणीहून इकडे आणलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी काहीही मागितलेलं नव्हतं. सासऱ्यांबद्दल तर एक अक्षर काढायच्या नाहीत. विषय निघाला की गॅस बंद आहे का बघायला उठायच्या. नितीनला याचा फार त्रास व्हायचा. त्याला वडिलांबद्दल बोलायचं असायचं आणि त्यांच्या जुन्या आठवणी असलेलं घरात दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून फेब्रुवारीतल्या कुवेतच्या राष्ट्रीय सुट्ट्यांना जोडून तिकिटं काढली. ऐनवेळी नितीनच्या हॉस्पिटलनं त्याची रजा रद्द केली आणि निघालो आम्ही दोघी, सासू आणि सून. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: व्हिसाला सिव्हिल आयडी, म्हणजे कुवेतचं ओळखपत्र, आणि पगाराचा दाखला लागतो. दाखला अरबीत मिळाला तर परत पाठवा आणि इंग्रजीत मागा. थेट विमान नाही, आम्ही दोहामार्गे गेलो. टोकियोच्या उएनो स्टेशनवरून अडीच तास रेल्वे आणि पुढे डोंगरातली बस. खिडकीबाहेर बर्फ सुरू झाला तशा आई काचेला नाक लावून बसल्या. एकदाच म्हणाल्या, "कापूस वेचायला आला की गं हा."

ऱ्योकान म्हणजे जुन्या पद्धतीची सराई, जमिनीवर झोपायचं, जमिनीवर जेवायचं. भाडं खोलीमागे नाही, माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. हे मला माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं, हे दारातच कळलं. बूट काढून सपाता घालायच्या. चटईच्या खोलीत सपाता काढायच्या. संडासात गेलं की तिथल्या वेगळ्या सपाता. मी त्या संडासातल्या सपाता घालून थेट स्वागतकक्षात गेले. सगळे इतक्या नम्रपणे माझ्या पायांकडे बघत होते की मला वाटलं, आवडल्या असाव्यात.

मग युकाता, म्हणजे तिथे सगळे घालतात तो सुती झगा. मी उजवी बाजू वर घेऊन गाठ मारली. सराईची मालकीण, सत्तरीची नीटनेटकी बाई, जवळजवळ ओरडलीच. तिनं माझी गाठ सोडून डावी बाजू वर घेतली आणि फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं: तसं फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात.

"काय म्हणायली ती?" आईंनी विचारलं.

"मी मेलेय म्हणते."

"बरं. आता माझं बघ म्हणाव."

मालकीण हसत आईंचा झगा नीट करायला गेली, बाही वर सरकली आणि तिचं हसू थांबलं. आईंच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तुळस, ठिपके आणि खाली सासऱ्यांचं नाव. मालकिणीनं दोन्ही हातांची फुली करून दाखवली. टॅटू असेल तर कुंडात प्रवेश नाही!

मी फोनवर तावातावानं समजावलं की हे टॅटू नाही, गोंदण आहे, आमच्या गावाकडे आज्ज्यांना असतं. फोननं त्याचं काय केलं देव जाणे, कारण मालकीण आणखीनच गोंधळली. तिकडे टॅटू म्हणजे गुंडांची खूण. आमच्या आई, ज्या झुरळसुद्धा सुपलीनं बाहेर सोडतात, त्या गुंड ठरल्या. मग मालकिणीनं कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या. तुळस आणि ठिपके आईंनी झाकू दिले. नावावर पट्टी आली तसा हात मागे घेतला.

"ह्याच्यावर न्हाई."

"आई, तासाभराचा प्रश्न आहे. नंतर काढू."

"न्हाई म्हणले ना. ऱ्हाऊ दे तुमचं पाणी."

एवढ्या लांब येऊन! मला राग आला, आणि रडूही. मालकीण जागची हलली नाही. तिनं नावावर बोट ठेवून फोनमध्ये विचारलं: हे काय लिहिलंय?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आईंनी माझं मनगट दाबलं. फोन स्वतःकडे ओढला आणि त्यात म्हणाल्या, "माणिक."

फोन बोलला, "रुबी."

"रुबी?" मालकीण बुचकळ्यात पडली.

"न्हाई, न्हाई," आई म्हणाल्या. "माझे मालक. वारले."

मी डोळे मिटले. आता फोन मालकाचं काय करणार, घरमालक की दुकानदार? त्यातून 'शुजिन' असा एक शब्द ऐकू आला. मालकिणीनं तो पुन्हा म्हटला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, भिंतीवरच्या एका म्हाताऱ्याच्या फोटोकडे बोट केलं. नंतर मी शोधलं, तर तिकडच्या जुन्या बायकाही नवऱ्याला मालकच म्हणतात, त्याच शब्दानं.

मोठ्या कुंडाचा नियम तिनं मोडला नाही. पण मागच्या बाजूला आतून कडी लावता येणारं छोटं कुंड होतं, ते तिनं आमच्यासाठी उघडलं. तिथे काहीही झाकायची गरज नव्हती.

काहीही, हे मला दार लावल्यावर उमगलं. आधी स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं आणि मग पाण्यात पंचासुद्धा न्यायचा नाही. मी एक्स-रे विभागात काम करते. दिवसभर लोकांना कपडे उतरवायला सांगते. आणि सासूबाईंसमोर युकाताची गाठ माझ्याच्यानं सुटेना.

"ये की आता," पाण्यातून आवाज आला. "तुझ्याकडं काय जगायेगळं हाय का?"

पाणी पहिल्यांदा चटका देतं, मग हाडं सैल होतात. वर बर्फ भुरभुरत होता. आईंनी हात पाण्याबाहेर काठावर ठेवला होता.

"मानसी, मी त्यांचं नाव घेतलं गं."

"हो."

"उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. ते बी बायांनी दार अडवलं म्हणून. नुसतं असं कधीच न्हाई." मग त्या पुन्हा म्हणाल्या, "माणिक," आणि रडायला लागल्या. मला काय करावं कळेना. अंगावर कपडा नाही, डोळे पुसायला पदर नाही, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडणारी सासू. शेवटी मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

न्याहारीला तार सुटलेलं सोयाबीन आलं. "हे आंबलंय, टाकून द्या," असं आईंनी मराठीतच बजावलं. शाकाहाऱ्यांनो, 'मासे नको' एवढंच कळवू नका, 'माशाचा अर्कही नको' असं लिहा, नाहीतर सूपमध्ये असतोच. आम्ही पोट घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर आणि भातावर भरलं.

परत आल्यावर लोक विचारतात, एवढं काय होतं त्या पाण्यात? मला अजूनही नीट सांगता येत नाही. नियम अर्धेही कळले नाहीत, जेवण तर नाहीच.

परत आलो त्या संध्याकाळी जेवताना नितीननं विचारलं, "आई, पाणी फार कडक होतं का?"

"माणिकला आवडलं असतं," आई म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

"कोण माणिक?" नितीन म्हणाला. आईच्या तोंडी वडिलांचं नाव असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"तुझा बाप. अजून कोण?"

नितीनचा घास हातातच राहिला. आईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि गॅस बघायला न उठता त्या सांगायला लागल्या.