उलट्या पिसाचं बेणं

१९ जानेवारी. आज पिल्लांच्या पेटीतलं तूस बदलायचं होतं. ओलं काढायचं, खाली चुना भुरभुरायचा, कोरडं पसरायचं आणि दिवा परत हातभर उंचीवर टांगायचा. एरवी हे काम मी सकाळीच उरकते. आज दुपार झाली, कारण सकाळी द्वारकाकाकीला नेलं. आम्ही बायका वाटेवरून परतलो, आंघोळ केली आणि मी सरळ शेडमध्ये आले. माणूस गेलं तरी पिल्लांना पाणी द्यावंच लागतं. त्यातून ही पिल्लं तिचीच. म्हणजे अंडी माझ्या कोंबड्यांची, पण बाप तिचा.

द्वारकाकाकी कोंबडा काखेत घेऊन फिरायची. रेशनच्या दुकानात, ग्रामसभेला, एसटीच्या थांब्यावर, कुठेही जा, डाव्या काखेत कोंबडा आणि उजव्या हातात पिशवी. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी कोंबडा विकायला निघाली आहे. कुणी भाव विचारलाच तर म्हणायची, "तुज्या म्हातारीचा काय भाव लावलास, त्यो सांग आदी!"

तो उलट्या पिसांचा कोंबडा होता. या जातीची पिसं अंगाला चिकटून बसत नाहीत, शेंड्याला वळून डोक्याकडे बघतात. वाऱ्याने छत्री उलटावी तसा सगळा पक्षी दिसतो. पंखांचीही तीच गत, त्यामुळे त्याला उडता येत नाही. तिन्हीसांजेला बाकीच्या कोंबड्या फणसावर चढून बसतात, हा खाली जमिनीवर. मग मुंगूस आहे, कुत्री आहेत, अलीकडे बिबट्याही येतो. म्हणून काकी दिवसा त्याला काखेत ठेवायची आणि रात्री अंथरुणाशेजारी बांबूच्या डालग्याखाली झाकायची. वर वरवंटा. सून मुंबईहून आली की नाक मुरडायची. काकी म्हणायची, "तुज्या नवऱ्यापरीस कमी घोरतो."

एके काळी आमच्या गावात दर अंगणात अशी एक-दोन जनावरं असत. ती ठेवायची ती शिवेवरच्या राखणदार देवासाठी. वर्षातून एकदा गावाची राखण द्यायची, म्हणजे कोंबड्याचा बळी, दर वर्षी एका घराची पाळी, आणि ती जागा उलट्या पिसाचाच कोंबडा घेते. पुढे लोक बाहेरची, जास्त अंडी देणारी पिल्लं आणू लागले. मीही तीच विकते, माझं पोट त्यावर आहे. उलटी फक्त राखणीपुरती उरली. दर वर्षी नर शिवेवर जायचा, मादी मागे राहायची आणि ती मुंगसाला जायची. असं करत करत सगळ्या गावात एकट्या काकीच्या अंगणात काय ती उरली.

माझी तिची ओळख मी उबवणीचं यंत्र आणलं तेव्हाची. माझं माहेर नाटे बंदरातलं. शेडच्या दारात उभी राहून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "गो नाटेकरीण, तू बंदरावरची. तुला मासलीचा कलंल. कोंबडीला खवलं नसतात, ठावं हाय ना?" त्या दिवसापासून मी नाटेकरीणच. माझं नाव तिने कधी विचारलं नाही.

तिची एक समजूत मात्र त्या जातीच्या मुळावर आली. तिने तो नर फक्त उलट्या मादीबरोबर ठेवला. सरळ पिसाची कोंबडी अंगणात आली की काठी घेऊन धावायची. "बेन्यात भेसल नको," हे तिचं रोजचं वाक्य. पण उलट्याला उलटी जोडली की बरीच पिल्लं उघडी निघतात. पिसं येतात ती वाळल्या गवतासारखी, हात लावला की मोडतात. खालची लाल कातडी दिसते. दोन पावसाळे ती पिल्लं काकीच्या चुलीशी कुडकुडून मेली. जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळून ती त्यांना मांडीवर घेऊन बसायची आणि कुणाची नजर लागली असेल त्याला शिव्या घालायची.

मी तिला सांगितलं, "काकी, नर माझ्या साध्या कोंबड्यांत सोड. निम्मी पिल्लं उलट्या पिसाची निघतील आणि जगतीलसुद्धा."

"निम्मी? आनि उरलेली निम्मी काय नाट्यास पाठवू, तुज्या म्हायेरास?"

गेल्या भातकापणीला काकी खाली खाचरात होती. भर दुपारी मुंगसाने शेवटची उलटी मादी नेली. परसात नुसती वळलेली पिसं पडली होती. ती एक एक गोळा करून काकीने पदरात बांधली आणि माझ्याकडे आली. पहिल्यांदाच तिच्याकडे टोमणा नव्हता. "आता गो?" एवढंच म्हणाली. नर एकच उरला होता. आणि या वर्षीची राखणीची पाळी काकीच्या घराची होती.

मग आम्ही शोधायला लागलो. काकी काखेत कोंबडा घेऊन लांज्याला गेली, पालीला गेली, बाजारात प्रत्येक कोंबडीवालीला काखेतला नमुना दाखवला. मी फोनवरच्या सगळ्या गटांत त्याचा फोटो टाकला. एकाने विचारलं, हा शॉक लागलेला आहे का? एकाने कुठल्याशा परदेशी, केसाळ, पांढऱ्या कोंबडीचा फोटो पाठवला. काकीने तो निरखून बघितला आणि म्हणाली, "ही तं मांजर हाय." हर्णे-दापोलीपर्यंत विचारून झालं. उलट्या पिसाची कोंबडी पाहिल्याचं सगळ्यांना आठवत होतं, पण कुणाकडेच नव्हती.

मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला, "आये, दुसरा कुठचा तरी कोंबडा दे ना. कोनाला कलनार हाय?"

"त्याला कलंल," काकी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

हाच तिचा पेच होता. राखणदाराला फसवायचं तिच्या मनातही आलं नाही. द्यायचा म्हटलं की द्यायचा. आणि दिला की जात संपली. शेवटी ती देवळात कौल लावायला गेली, मला बरोबर घेऊन. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मानकरी गावकराने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरा तुज्या दारात हुबी हायत..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि काकीच्या काखेतून कोंबडाही आरवला. सगळे हसले. काकी हसली नाही.

यंदा सरळ पिसाचा कोंबडा आणि नारळ चालेल का, असं गावकराने विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत डावी पाकळी पडली.

काकी पुढे झाली. बायका पुढे होत नाहीत, ती झाली. म्हणाली, "पुन्यांदा लाव. आता मी इचारतंय. तुला ह्यो याच वर्सी खायाचा हाय, का दर वर्सी पायजेल? दर वर्सी पायजेल आसंल तं ह्यो मना ठेव. नायतर फुडल्या वर्सी कुनाकडं बगशील?"

पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. उजवी नाही, डावी नाही. कुणीतरी पंखा बंद केला, मग दुसऱ्या कुणीतरी लावला. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं. काकी काखेतला कोंबडा कुरवाळत उभी होती. गावकर कंटाळून म्हणाला, "काकी, देव गप्प हाय. गप्प हाय म्हंजे रीत चालू."

"गप्प हाय म्हंजे इचार करतोय," काकी म्हणाली.

पण राखणीची अमावास्या जवळ आली होती आणि देवाचा विचार होईपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं.

देवळातून ती घरी गेली नाही, माझ्या शेडमध्ये आली. तिने कोंबडा जाळीच्या आत सोडला. "घाल तुज्या सरल्या बायकांत," म्हणाली आणि तोंड फिरवलं. इतकी वर्षं काठीने हाकललेल्या जातीत आपलं बेणं स्वतःच्या हाताने सोडताना तिला काय वाटलं, ते मी विचारलं नाही.

माझ्या कोंबड्यांनी त्याला चोचींनी झोडपलं. तो पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसला. काकी जाळीला तोंड लावून ओरडायची, "आरं, बापय हायस ना तू? उट की!" मी दोन दांडग्या कोंबड्या वेगळ्या काढल्या तेव्हा कुठे तो उठला. अमावास्येपर्यंतचे थोडेच दिवस त्याला मिळाले.

त्या दिवशी काकीने त्याचे पाय धुतले, तांदळाचे दाणे खायला घातले आणि त्याला गावकराच्या हातात दिलं. शिवेवर बायका जात नाहीत. ती माझ्या पायरीवर बसून राहिली. तिकडून धूर वर आला तेव्हा म्हणाली, "गेला." मग लगेच, "अंडी किती धरलीस?" आतापर्यंतची सगळी मी धरली होती, आणि कोंबडा गेल्यावरही काही दिवस कोंबड्या पिल्लू निघेल अशी अंडी घालतात, तीही धरणार होते. हे सांगितलं तेव्हा तिने मान हलवली आणि उठली. जाताना बघितलं, तिचा डावा हात अंगापासून तसाच लांब होता, काखेत अजून काही असल्यासारखा.

यंत्र भरलं आणि चौथ्याच दिवशी खांब कोसळून लाईट गेली. इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत चालला. खुडूक बसलेल्या होत्या त्या कोंबड्यांखाली मी मावतील तितकी अंडी सरकवली. उरलेल्यांना काकीने गोधड्या आणि गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. बाटल्या निवल्या की पुन्हा पाणी तापवायचं, पुन्हा भरायचं. दुसऱ्या दिवशी लाईट आली तोवर तिला खोकला लागला होता. अंडी उजेडापुढे धरून बघितली तर बहुतेक आतल्या आत मेली होती. फुटली ती मूठभर.

पण पिल्लू फुटतं तेव्हा उलटं की सरळ ते कळत नाही. सगळ्यांच्या अंगावर मऊ लव असते. खरी पिसं यायला लागली की वळतात, त्याला पंधरा-वीस दिवस जातात. तोवर काकीने अंथरूण धरलं. मुलगा आला, दवाखान्यात नेऊन आणलं, छातीत कफ भरला होता. मी रोज जायची. शेजारी डालगं पालथं पडलेलं असायचं.

"वलला काय गो?"

"नाही काकी. पंखाची पिसं आली, पण सरळ आहेत."

"मानंवर बग."

"मानेवर अजून लवच आहे."

सून मला बाहेर नेऊन म्हणाली, "वैनी, वळलं म्हणून सांगा ना. म्हातारीला बरं वाटेल." मी सांगितलं नाही. देवाला न फसवणाऱ्या बाईला मी कशाला फसवू? परवा संध्याकाळी काकीने माझं मनगट धरलं. हात चुलीसारखा तापला होता. म्हणाली, "वललाच तं त्याला येकटा ठेवू नको." काल ती गेली.

तूस बदलताना आज एकेक पिल्लू हातात घेऊन बघितलं. सगळी सरळ.

२० जानेवारी. आज सकाळी पाणी द्यायला गेले. कोपऱ्यातल्या तांबड्या पिल्लाच्या खांद्याशी काहीतरी चिकटलंय असं वाटलं. तूस असेल म्हणून फुंकर मारली. उडालं नाही. पिल्लू उचलून दारात उजेडाला आणलं. खांद्यावरची दोन पिसं आणि मानेच्या मुळाशी एक, नखाएवढी, शेंड्याला वळलेली. नर की मादी, अजून कळत नाही. बाकी सगळ्यांना पुन्हा तपासलं. एवढं एकच.

त्याला पेटीत ठेवलं आणि काकीच्या घरी गेले. मुलगा अंगणात आईचं अंथरूण एकत्र करत होता. डालगंही त्या ढिगात होतं. "हे मला दे," म्हटलं. "न्या वैनी, जालायलाच काढलंय," तो म्हणाला.

डालगं विहिरीवर घासून धुतलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या खाटेशेजारी ठेवलं. खाली तूस पसरलं, वर दिवा टांगला. तांबडं पिल्लू आत ठेवलं. मग पेटीतून सरळ पिसांची दोन उचलली, तीही त्याच्याबरोबर आत सोडली आणि वर वरवंटा ठेवला.