फेस

काल प्रयोगशाळेत माझ्या परीक्षानळीत पांढरा फेस उसळला आणि सांगलीचा तो दवाखाना आठवला. शुगरनं वडिलांचा पाय काळा पडला होता, सकाळी कापायचा होता. नर्सनं जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, तसा असाच फेस आला. आयुष्य फौजेत काढलेले वडील हरखले, "बघ, कसं उकळतंय! पाय जित्ता हाय रं. डाक्टरला सांग." हा फेस शरीरातल्या एका एन्झाइममुळे येतो आणि मेलेल्या मांसातही येतो, हे मला ठाऊक होतं. त्या एन्झाइमचं काम करणारी भुकटी लोखंडापासून बनवायला मी नुकतीच सुरुवात केली होती. मी म्हणालो, "व्हय अण्णा, सांगतो." ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. काल माझ्या लोखंडाच्या भुकटीनं पेरॉक्साइडमधून पहिल्यांदाच फेस काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नळी हातात धरून पुटपुटलो, "जित्ता हाय, अण्णा."