अकरावं प्रकरण गाळून

शाळेत त्यांना ‘गाळणी’ म्हणत. तोंडावर सगळे बाईच म्हणायचे, पण जिन्यात, नळापाशी आणि मधल्या सुट्टीत त्या गाळणी. कारण सरळ होतं. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. इतर शिक्षक एखाद्या राजाचं नाव गाळतात, एखादा सन गाळतात. बाई नेमका असा शब्द गाळत की वाक्य लंगडं व्हावं आणि मुलांच्या जिवाला घोर लागावा. आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं.

नववीला त्या एक कादंबरी शिकवत. एकोणीस वर्षं तीच. गोष्ट अशा एका शहराची की जिथे टपालातलं प्रत्येक पत्र आधी एका कचेरीत जातं आणि कारकून मंडळी ब्रश घेऊन त्यातल्या नको त्या ओळींवर काळी शाई फिरवतात. नायिका अशीच एक कारकून, कामात तरबेज. शहरातले लोक सुरुवातीला पत्रं उजेडाला धरून बघतात, शाईखालचं काही दिसतंय का म्हणून. पुढे पुढे इतके शहाणे होतात की आपल्या ओळी आपणच आधी गाळून पाठवतात.

पहिल्या दिवशी बाई मुलांना प्रत्येकी एक पत्र लिहायला लावत. ते शेजाऱ्याच्या हातात द्यायचं आणि शेजाऱ्याने त्यातले तीन शब्द खोडायचे, कारण न सांगता. पाच मिनिटांत वर्गात हमरीतुमरी. “माझा चांगलाच शब्द का खोडला?” “मग काय वाईट खोडू?” असा कालवा माजला की बाई खडू खाली ठेवून म्हणत, “आता पुस्तक उघडा.” एकोणीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

यंदाच्या वर्गात एक्केचाळीस मुलं आणि त्यांत एक ‘शंका’. हे नाव तिला बाईंनीच दिलं होतं. ही मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची आणि दर तासाला किमान चार वेळा हात वर करून म्हणायची, “बाई, शंका.” ती कचेरी रविवारी बंद असते का? शाई कोण बनवतं? त्या शाईवाल्याला ठाऊक असतं का, कशासाठी बनवतो ते? बाईंचा तास तिच्यामुळे पुढे सरकत नसे. शिक्षकांच्या खोलीत त्या “या पोरीने माझं डोकं खाल्लं” म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच नववीच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या.

वर्ग दहाव्या प्रकरणापर्यंत आला होता. त्या दिवशी शंकाने घरी जेवताना वडिलांना विचारलं, “बाबा, तुम्ही आणि आई माझ्यापासून काय काय गाळता?”

वडील गोदामात मालाची नोंद ठेवायचं काम करत. दिवसभर उभं राहून दमलेला माणूस. हा प्रश्न कुठून आला ते बघायला त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, आणि उघडलं ते नेमकं अकरावं प्रकरण. त्यात त्या कारकून मुलीच्या टेबलावर तिच्या स्वतःच्या आईचं पत्र येतं, आणि ती त्यावर ब्रश फिरवते. मागचं-पुढचं न वाचता एवढंच वाचलं तर कुणाचंही पित्त खवळेल. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते शाळेत हजर झाले.

“आईच्या पत्राला काळं फासणारी मुलगी,” ते मुख्याध्यापकांना म्हणाले. “हे शिकवता? उद्या आमची पोरं आम्हालाच काळं फासतील.”

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण खुर्चीत बसलं की त्यांना सगळीकडून वारा लागायचा आणि ते लगेच खिडकी लावून घ्यायचे. “बंदी-बिंदी काही नाही हो,” ते म्हणाले. “कादंबरी शिकवाच. फक्त अकरावं प्रकरण गाळून शिकवा. गाळण्यात तुमचा हात कोण धरणार?” आणि हसले.

बाईही हसल्या. “बरं,” म्हणाल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांना स्वतःचं ते “बरं” आठवत राहिलं. विचार करायला त्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नव्हता.

“पानं चिकटवून टाका,” मुख्याध्यापक म्हणाले, “म्हणजे तक्रारीला जागा नको. मुलांकडूनच करून घ्या, कार्यानुभवात धरू.”

झालं. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला शिपाईमामांनी गोंदाच्या बाटल्या आणून ठेवल्या आणि नववीच्या मुलांनी आपापल्या पुस्तकातलं अकरावं प्रकरण चिकटवलं. कडेकडेने गोंद, वरून पट्टी, मग दोन्ही हातांनी दाब. मुलं मन लावून काम करत होती. इतकी शिस्त बाईंनी त्या वर्गात आधी कधी पाहिली नव्हती. एकाने तर “बाई, माझं बघा, एक सुरकुती नाही,” म्हणून दाखवायला आणलं. बाईंनी “छान” म्हटलं.

त्या दिवसापासून बाईंचा पाय एका जागी ठरेना. वर्गात त्या बाकांमधून येरझारा घालू लागल्या. खडू हातातल्या हातात मोडायचा. बारावं प्रकरण सुरू केलं तर त्यात नायिका रडत का बसली आहे ते सांगता येईना, कारण ते अकराव्यात होतं. “तिचं काहीतरी बिनसलं आहे,” असं काहीतरी सांगून त्यांनी वेळ मारून नेली. घरी आल्यावर त्या फडताळ आवरत, आवरलेलं पुन्हा काढत. त्यांचे यजमान शिंपी. बाहेरच्या खोलीत मशीनवर बसल्या बसल्या सगळं बघत होते.

“अगं, बस की जरा,” ते म्हणाले.

“बसलेच आहे.”

“उभी आहेस.” मशीन थांबवून ते म्हणाले, “काय झालंय शाळेत?”

बाईंनी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला. “कापड कमी असलं तर मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो, बाही तोकडी होईल म्हणून. तू पोरांना काय सांगितलंस?”

“काहीच नाही.”

“मग पोरांना वाटत असेल, सदरा असाच असतो,” ते म्हणाले आणि पुन्हा मशीन चालू केलं. बाईंना त्यांचा रागच आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

पण खरी टोचणी वेगळी होती. शंकाने हात वर करणं सोडलं होतं. वर्गाला कळलं होतं की तक्रार तिच्या वडिलांनी केली. “तुझ्यामुळे” हा शब्द बाईंच्या कानावर दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो न ऐकल्यासारखं केलं. मुलगी वहीत तारीख लिहायची, समास आखायची, सांगितलेलं उतरवून घ्यायची. तास आता वेळेवर संपत होता. घंटेआधी पाच-सात मिनिटं उरतसुद्धा होती, आणि त्या मिनिटांचं काय करायचं हे बाईंना सुचत नव्हतं.

अशातच चाचणी आली. बाईंची काम करायची एक पद्धत होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी वर्षानुवर्षं उतारे कापून ठेवले होते, गाळलेल्या जागांसकट तयार. चिठ्ठी काढायची आणि छपाईला द्यायची. चिठ्ठ्यांवर प्रकरणाचा आकडा नव्हता, कारण सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. डब्यात हात घातला, वरची चिठ्ठी उचलली, न वाचता दिली.

पेपर तपासायला घेतले तेव्हा पहिल्याच पेपरात त्यांना घाम फुटला. प्रश्न तिसरा: ‘पत्रावरचं ______ आईचं होतं. पहिली ओळ तिने ______, मग दुसरी. शेवटी पानावर फक्त ______ उरली.’ अकरावं प्रकरण. त्यांनीच चिकटवून घेतलेलं.

पहिल्या पेपरात उत्तरं होती: अक्षर, खोडली, सही. दुसऱ्यात तीच. दहाव्यात तीच. पट्टीची कड घालून, वाफ देऊन, कसंही करून मुलांनी पानं सोडवली होती. जे वाचा म्हटल्यावर निम्म्यांनी वाचलं नसतं, ते वाचू नका म्हटल्यावर चाळीस जणांनी पाठ केलं होतं. बाईंना हसू आलं, आणि क्षणभर वाटलं की चला, माझं पाप फिटलं.

मग एक्केचाळिसावा पेपर आला. तिन्ही जागा कोऱ्या. समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘हे आपण गाळलं आहे.’ पेपर शंकाचा.

सकाळी बाईंनी तिला जिन्यात गाठलं. “तू वाचलं नाहीस?”

“नाही.”

“सगळ्यांनी वाचलं.”

“मला माहीत आहे.” मुलगी बुटांकडे बघत होती. “मी विचारलं म्हणून पानं चिकटली, बाई. आता मला काही विचारायचं नाही. वाचलं की विचारावंसं वाटतं, म्हणून वाचलं नाही.”

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. एकोणीस वर्षं ज्या शहराची गोष्ट त्या सांगत आल्या होत्या, त्या शहरातला एक माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता. वय चौदा, दुसरा बाक. त्यांना स्वतःची शिसारी आली.

पेपरचं प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जायचं ते गेलंच. “तिसरा प्रश्न रद्द करा,” ते म्हणाले. “चुकून झालं, मी समजू शकतो. पण बाई, हे प्रकरण पुन्हा वर्गात निघालं तर नववी मला दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल. मग माझा इलाज नाही.”

नववी गेली म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. उरलेला काळ पाचवी-सहावीला ऱ्हस्व-दीर्घ शिकवत काढायचा. त्या वर्गांना शिकवण्यासारखंही त्यांच्याकडे खूप होतं, पण जीव याच एका पुस्तकात होता. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. मुलगी आहे, विसरेल. चाळीस जणांनी वाचलंच आहे, एकीसाठी कशाला. सगळे मुद्दे बिनतोड होते आणि एकही पटत नव्हता.

चौथ्या तासाला त्या वर्गात गेल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. “ऐका,” त्या म्हणाल्या. “पानं हिच्या वडिलांनी चिकटवली नाहीत. त्यांनी तक्रार केली, तो त्यांचा हक्क. पानं तुम्ही चिकटवलीत, कारण मी सांगितलं. आणि मी सांगितलं, कारण मी घाबरले. हिचा यात काडीचाही दोष नाही.”

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, चिकटवताना मला मजा आली होती.”

“मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “त्या कारकून मुलीलाही यायची. ते नवव्या प्रकरणात आहे.”

मग त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली. तिला गोंद लागलेला नव्हता. ती त्यांनी शंकापुढे ठेवली. “अकरावं प्रकरण. मोठ्याने वाच.”

मुलीने हात लावला नाही. “बाबांना कळलं तर?”

“मी स्वतः त्यांच्याकडे जाईन आणि बसून पूर्ण वाचून दाखवीन. त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे.”

मुलीने पुस्तक जवळ ओढलं. मग उभी राहिली आणि वाचू लागली. ज्यांना उतारा पाठ होता तेही ऐकत होते. कारकून लिफाफा उघडते, अक्षर ओळखते, इकडेतिकडे बघते. कचेरीत कुणाचंच तिच्याकडे लक्ष नसतं. खोडलं नाही तरी कुणाला कळणार नसतं. तरी ती ब्रश उचलते.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. फेरीवर निघाले होते. मुलगी थांबली. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काकुळती आली. त्यांना हे नको होतं.

“काय चाललंय, बाई?”

“अकरावं प्रकरण,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा बराच लहान निघाला.

मुख्याध्यापकांनी कानामागे हात नेला. “नीट ऐकू आलं नाही मला. उजळणी ना? मागचीच?”

त्यांनी बाईंना सुटायला दार उघडं ठेवलं होतं. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ते निघून गेले असते, वाचन पुरं झालं असतं, नववी राहिली असती, आणि कुणालाही खोटं ठरवता आलं नसतं. एक्केचाळीस मुलं बाईंच्या मानेकडे बघत होती. पुढे सोमवारी नववीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि त्यांना सहावी मिळाली. हे तेव्हा अजून घडायचं होतं, पण त्या क्षणीही त्यांना ते स्वच्छ दिसत होतं.

“नाही सर,” बाई म्हणाल्या, या वेळी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं. “अकरावं प्रकरण. जे गाळायला सांगितलं होतं ते.”

मग त्या दाराकडे पाठ करून मुलीकडे वळल्या.

“पुढे वाच.”